ग्वाल्हेरचा किल्ला : अहमदनगरचे तीन निजामशहा जिथे कैदेत राहिले

दख्खनवाट

ग्वाल्हेरला गेलेला मराठी माणूस जयविलास पॅलेस बघतो, राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपुढे हात जोडतो, किल्ल्यावर मानमंदिर आणि सास-बहू मंदिर बघतो आणि परतीच्या गाडीला लागतो. हे सगळं बघायलाच हवं. पण या किल्ल्याशी आपलं एक नातं शिंद्यांच्याही दीडशे वर्षं आधीचं आहे आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. अहमदनगरच्या निजामशाहीचे शेवटचे वारस याच किल्ल्यात मोगलांचे कैदी होते. एक नाही, तीन.

पहिला बहादूर निजामशहा. १५९५ मध्ये त्याचा बाप इब्राहिम लढाईत पडला तेव्हा हे पोर अगदी तान्हं होतं. चांदबिबीने याच पोरासाठी अहमदनगरचा किल्ला लढवला आणि वऱ्हाड सोडून देऊन १५९६ मध्ये वेळ निभावून नेली. १६०० च्या दुसऱ्या वेढ्यात तिच्याच माणसांनी तिचा जीव घेतला, ऑगस्टमध्ये किल्ला पडला आणि बहादूरची रवानगी ग्वाल्हेरला झाली. तिकडे मलिक अंबरने परांड्याला दुसरा निजामशहा गादीवर बसवला आणि पुढची पंचवीस वर्षं मोगलांना दख्खनमध्ये सुखाने बसू दिलं नाही. त्या सगळ्या काळात निजामशाहीचा आधीचा धनी तिकडे कोठडीत वाढत होता.

दुसरा हुसेन. मलिक अंबर १६२६ मध्ये गेला. त्याचा मुलगा फत्तेखान याने आपल्याच सुलतानाचा काटा काढून त्याच्या लहान पोराला, हुसेनला, गादीवर बसवलं. जून १६३३ मध्ये मोगल सरदार महाबतखानाने दौलताबाद घेतलं. फत्तेखानाला मोगलांकडून तनखा मिळाला आणि हुसेनला ग्वाल्हेर.

तिसरा मुर्तजा, आणि हा आपल्याला सगळ्यात जवळचा. दौलताबाद पडल्यावर निजामशाही संपली असं दिल्लीने धरलं होतं. शहाजीराजांनी ते मान्य केलं नाही. निजामशाही घराण्यातलं एक लहान मूल त्यांनी पेमगिरीच्या किल्ल्यावर गादीवर बसवलं आणि त्याच्या नावाने जवळजवळ तीन वर्षं कारभार चालवला. शेवटी शाहजहान स्वतः दक्षिणेत उतरला. १६३६ मध्ये विजापूरने मोगलांशी तह केला आणि दोन्ही फौजा मिळून राजांच्या मागे लागल्या. शहापूरजवळच्या माहुली किल्ल्यावर मोगलांचा खानजमान आणि विजापूरचा रणदुल्लाखान यांनी त्यांना कोंडलं. वर्षाच्या अखेरीस राजांना माहुली सोडावा लागला, त्र्यंबक, हरिश्चंद्रगड, जीवधन, चावंड, हडसर असे किल्ले द्यावे लागले आणि मुर्तजाला मोगलांच्या हवाली करावं लागलं. राजे विजापूरच्या चाकरीत गेले. मूल ग्वाल्हेरला गेलं. शिवाजी महाराज त्या वेळी सहा वर्षांचे होते.

शाळेच्या पुस्तकात हे सगळं 'निजामशाही संपुष्टात आली' या तीन शब्दांत उरकलेलं असतं. राज्य संपतं म्हणजे त्या राज्याच्या नावाने ज्यांना गादीवर बसवलं होतं त्यांचं पुढे काय होतं, हे आपण विचारतच नाही. या तिघांपैकी एकानेही गादी मागितली नव्हती. मोठ्यांनी बसवलं, मोठ्यांनी उतरवलं आणि उरलेलं आयुष्य तटाच्या आत गेलं.

ग्वाल्हेरच का, हे नकाशा उघडला की कळतं. आग्र्यापासून हे ठिकाण सुमारे सव्वाशे किलोमीटर, आग्रा-बुऱ्हाणपूर या दख्खनच्या वाटेवर. बादशहाचा हुकूम दोन-तीन दिवसांत पोचेल इतकं जवळ, आणि राजधानीतल्या कोणा उमरावाला कैद्याभोवती माणसं गोळा करता येणार नाहीत इतकं लांब. सपाट मुलखातून एकदम उभा राहिलेला वालुकाश्माचा डोंगर, जवळपास तीनशे फूट उंच, अडीच-तीन किलोमीटर लांब, कडे तासल्यासारखे. माथ्यावर सूरजकुंड, जौहर कुंड अशी पाण्याची सोय, त्यामुळे शिबंदी वर्षभर राहू शकते. अल्तमशला १२३२ मध्ये हा किल्ला घ्यायला जवळपास वर्षभर वेढा घालून बसावं लागलं. बाहेरच्याला आत येऊ न देणारी जागा आतल्यालाही बाहेर जाऊ देत नाही, हे मोगलांनी बरोबर हेरलं. अकबराने १५५८-५९ च्या सुमारास किल्ला घेतला आणि तेव्हापासून राजघराण्यातले नकोसे लोक इथे यायला लागले. त्याचा सख्खा मामा म्हणवला जाणारा ख्वाजा मुअज्जम बायकोचा खून करून इथे आला आणि वेड लागून मेला. चुलतभाऊ अबुल कासिम, म्हणजे कामरानचा मुलगा, १५६५ मध्ये इथेच अकबराच्या हुकुमाने मारला गेला.

अजून कोणाकडे या विषयावर काही असेल तर जरूर लिहा. विशेषतः नगरकर मंडळींनी.

---

भिंगारवेस

दख्खनवाट, लेख फार मनापासून लिहिला आहे. मी नगरचाच. किल्ल्यावर लहानपणापासून जातोय, पण बहादूरशहा तिथून कुठे गेला हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. चांदबिबी मेली की गोष्ट संपते.

एक शंका आहे. शहाजीराजांनी मांडीवर बसवलेल्या त्या छोट्या निजामाला शाहजहानने ठार मारलं, असं मी लहानपणापासून ऐकत आलोय. कीर्तनात, व्याख्यानांत, सगळीकडे. तुम्ही म्हणता तो ग्वाल्हेरला गेला. मग खरं काय?

---

दख्खनवाट

भिंगारवेस, हीच गोष्ट मीही ऐकत आलोय. पण शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याची नोंद स्वच्छ आहे. दख्खनमधल्या बंडखोरांनी ज्याला निजामुल्मुल्क केलं होतं त्या मुलाला औरंगजेबाने बादशहापुढे आणलं. तिथे त्याला सय्यद खानजहानच्या ताब्यात देऊन ग्वाल्हेरच्या किल्ल्यात ठेवायचा हुकूम झाला. आणि पुढचं वाक्य वाचून मी थांबलोच. त्या किल्ल्यात आधीचे दोन निजाम होतेच, असं लाहोरी लिहितो. एक अहमदनगर घेतलं तेव्हा पकडलेला आणि दुसरा दौलताबाद पडलं तेव्हाचा. (पहिल्याची कैद तो जहांगीरच्या काळातली म्हणतो. अहमदनगर १६०० मध्ये पडलं, म्हणजे अकबराच्या हयातीत. लाहोरीने राज्य चुकवलं आहे, माणूस नाही.)

हिशेब करा. बहादूर आत गेला तेव्हा पाच-सहा वर्षांचा असेल. १६३६ मध्ये त्याला तिथे छत्तीस वर्षं झाली होती, वय चाळिशीच्या आसपास. मुर्तजाला त्या किल्ल्यात आणलं तेव्हा त्याच घराण्यातला, मूल असतानाच गादीवरून उचललेला दुसरा माणूस तिथे म्हातारपणाकडे झुकत होता. मारून टाकल्याची गोष्ट ऐकायला जास्त भयंकर वाटते, म्हणून ती टिकली असावी. मला ही जास्त भयंकर वाटते.

---

जुनीपानं

उत्तम धागा. ग्वाल्हेरच्या कैदेतला सगळ्यात भयंकर भाग औरंगजेबाच्या काळातला आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

मुरादबक्ष हा औरंगजेबाचा धाकटा भाऊ. दोघांनी मिळून सामूगढला थोरला भाऊ दारा शुकोह याचा पराभव केला आणि महिना उलटायच्या आत, २५ जून १६५८ ला, मथुरेजवळच्या छावणीत औरंगजेबाने त्याला जेवायला बोलावलं. दारू पाजली, झोपू दिलं, शस्त्रं काढून घेतली आणि बेड्या घातल्या. इतिहासकार खाफीखान लिहितो की रातोरात चार हत्तींवर चार झाकलेल्या अंबाऱ्या चढवून चार दिशांना पाठवल्या, म्हणजे मुराद नेमका कुठल्या हत्तीवर आहे हे त्याच्या फौजेला कळू नये. आधी दिल्लीचा सलीमगढ, मग जानेवारी १६५९ मध्ये ग्वाल्हेर.

मुरादची माणसं त्याला विसरली नव्हती. काही जण फकिराच्या वेशात किल्ल्याखाली राहिले आणि एका रात्री त्यांनी तटाला दोराची शिडी लावली. सगळं जमून आलं होतं. मुराद उतरायच्या आधी सरस्वतीबाईचा निरोप घ्यायला गेला. ही त्याची आवडती बाई, तिच्या सोबतीची परवानगी त्याने कैदेत मागून घेतली होती. 'मला कोणाच्या हवाली करून चाललात' म्हणून तिने हंबरडा फोडला. पहारेकरी जागे झाले, मशाली पेटल्या आणि शिडी सापडली.

या प्रकाराने औरंगजेब सावध झाला. भावाला थेट मारलं तर बोभाटा होणार. मग जुनं प्रकरण उकरून काढलं. गुजरातेत सुभेदार असताना मुरादने आपला दिवाण अली नकी याला मारलं होतं. अली नकीच्या मुलांना खुनाचा बदला मागायला लावलं. थोरल्याने साफ नकार दिला. दुसरा तयार झाला. काझीला घेऊन तो ग्वाल्हेरला गेला, रीतसर दावा झाला, निवाडा झाला आणि डिसेंबर १६६१ मध्ये मुरादला मारलं. खाफीखानाचा बाप मुरादच्या नोकरीत होता, त्यामुळे हे सगळं त्याच्या घरात ऐकलेलं होतं. वाचताना ते जाणवतं. नकार देणाऱ्या थोरल्या मुलाचं औरंगजेबाने पुढे कौतुक केलं, हीही नोंद त्याचीच.

सुलेमान शुकोहचं तर याहून वाईट. दाराचा थोरला मुलगा, देखणा आणि शूर. गढवालच्या राजाने आसरा दिला होता, पण शेवटी त्याला मोगलांच्या हाती दिलं. जानेवारी १६६१ मध्ये दिल्लीच्या दरबारात त्याला बेड्या घालून उभा केला. फ्रेंच वैद्य बर्निए तिथे हजर होता. सुलेमान म्हणाला, मला पोस्त पाजणार असाल तर त्यापेक्षा आत्ताच मारा. औरंगजेबाने सगळ्यांसमोर मोठ्या आवाजात वचन दिलं की तसं होणार नाही. आणि मग ग्वाल्हेरला पाठवून पोस्तच पाजलं.

पोस्त म्हणजे अफूची बोंडं. ती ठेचून रात्रभर पाण्यात भिजत घालायची आणि सकाळी त्या पाण्याचा मोठा पेला कैद्यापुढे ठेवायचा. तो पिईपर्यंत अन्नाचा कण मिळत नाही. बर्निए सांगतो की माणूस हळूहळू सुकत जातो, अंगातली ताकद आणि डोक्यातली समज दोन्ही जातात, आणि शेवटी तो कोणाच्या नजरेत न भरता मरतो. रक्त सांडत नाही, हुकूम लिहावा लागत नाही. मे १६६२ मध्ये सुलेमान गेला. तिशीही गाठली नव्हती.

औरंगजेबाचा स्वतःचा थोरला मुलगा मुहम्मद सुलतान हाही औरंगजेबाचा भाऊ शुजा याला जाऊन मिळाला म्हणून इथे बारा वर्षांच्या आसपास होता. आणि दाराचा धाकटा मुलगा सिपिहर शुकोह याला बाहेर काढून १६७३ मध्ये त्याचं लग्न औरंगजेबाच्याच मुलीशी लावलं. ज्याने बाप आणि भाऊ मारले त्याचा जावई व्हायचं! मला हे वाचल्यावर कितीतरी वेळ पुढचं पान उलटवलं नव्हतं.

---

रानवारा

जुनीपानं ताई, अंगावर काटा आला.

मी गेल्या हिवाळ्यात किल्ल्यावर गेलो होतो. मानमंदिराच्या तळघरात गाइड एक गोल दालन दाखवतो, मध्ये खांब, वर कड्या. 'मुरादला इथेच फाशी दिली' म्हणतो. ते खरं आहे का? आणि भिंतीत भोकं आहेत, ती म्हणे कैद्यांचं बोलणं ऐकायला होती.

---

लष्करची_माहेरवाशीण

रानवारा, मी ग्वाल्हेरचीच, म्हणजे शहरातल्या लष्कर या भागात वाढलेली मराठी, म्हणून उत्तर देते.

मानमंदिर हा तुरुंग म्हणून बांधलेला नाही. तो तोमर राजा मानसिंहाचा महाल, १४८६ ते १५१६ या त्याच्या कारकिर्दीतला. बाहेरच्या भिंतीवर निळ्या-पिवळ्या-हिरव्या फरशीची बदकं, हत्ती, केळीची झाडं आहेत, ती सकाळच्या उन्हात बघा. वर दोन मजले आणि कड्याच्या बाजूला जमिनीखाली दोन. खालची गोल दालनं उन्हाळ्यातल्या गारव्यासाठी, झोपाळ्यासाठी, पाण्याच्या कुंडासाठी होती. वरच्या कड्या झोपाळ्याच्या. भिंतीतल्या नळ्या वरच्या-खालच्या मजल्यांवर निरोप द्यायला. राजाच्या राण्यांसाठी केलेली ही जागा. कैदी पुढे इथेही ठेवले गेले असं सगळेच सांगतात, पण मोगलांचा खास तुरुंग म्हणून पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने नोंदवलेली जागा वेगळी आहे. किल्ल्याच्या वायव्येला ढोंढा पौर नावाचा दरवाजा आहे, त्याच्याजवळची नौचौकी, म्हणजे नऊ कोठड्या. तिकडे पर्यटक फिरकत नाहीत.

आता धाग्यात अजून न आलेली एक गोष्ट. या किल्ल्यावर कैदेची आठवण खऱ्या अर्थाने कोणी जपली असेल तर ती शिखांनी. सहावे गुरू हरगोबिंद यांना जहांगीरने इथे कैदेत ठेवलं होतं. सुटकेचा हुकूम आला तेव्हा, माझ्याबरोबर इथले बावन्न राजेही सुटले पाहिजेत, असं गुरूंनी सांगितलं. बादशहा म्हणाला, जितके तुमचं वस्त्र धरून बाहेर येतील तितके सुटतील. मग गुरूंनी बावन्न गोंडे असलेला झगा शिवून घेतला आणि एकेका गोंड्याला एकेक राजा धरून बाहेर पडला. ही शीख परंपरेतली कथा. दिवाळीच्या दिवसांत बंदी छोड दिवस साजरा होतो तो याच सुटकेचा. किल्ल्यावर दाता बंदी छोड गुरुद्वारा आहे, पांढराशुभ्र, कुंडाच्या काठी. तिथला लंगर जेवल्याशिवाय उतरू नका.

त्याच जहांगीरने १६१९ मध्ये नक्शबंदी सूफी शेख अहमद सरहिंदी यांनाही इथेच डांबलं होतं. हुकूम काय, तर याला अनीराय सिंहदलन या सरदाराच्या ताब्यात देऊन ग्वाल्हेरला ठेवा, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल. वर्षभराने सोडलं. शीख गुरू आणि कट्टर सुन्नी शेख, दोघांनाही तोच डोंगर.

---

भिंगारवेस

ताई, नौचौकीची माहिती सोन्यासारखी आहे. पुढच्या खेपेला तिकडे जाणारच.

शिंद्यांच्या काळात काय झालं? तेव्हाही तुरुंग होता का?

---

लष्करची_माहेरवाशीण

मराठ्यांकडे किल्ला आधी आला तो विठ्ठल शिवदेव विंचूरकरांमुळे, १७५५ च्या सुमारास. पानिपतानंतर गोहदच्या जाट राण्याने घेतला, मग पुन्हा मराठे. ३ ऑगस्ट १७८० च्या रात्री ईस्ट इंडिया कंपनीच्या पॉपहॅम या अधिकाऱ्याने शिड्या आणि दोर लावून तो एका रात्रीत घेतला. दगडावर पाय वाजू नयेत आणि घसरू नयेत म्हणून शिपायांना कापूस भरलेले जोडे घातले होते. ज्या कड्यावरून मुरादला उतरता आलं नाही, तसल्याच कड्यावरून फौज वर चढली. महादजींनी १७८३ मध्ये किल्ला परत मिळवला. नंतरचं १८५८ सगळ्यांना ठाऊक आहे. इंग्रजांनी किल्ला स्वतःकडे ठेवला आणि १८८६ मध्ये झाशीच्या बदल्यात शिंद्यांना दिला.

---

सह्यपठार

धागा चांगला आहे, पण एक गोष्ट बोलायलाच हवी. किल्ल्यात माणसं कुजवणं ही फक्त मोगलांची रीत नव्हती. साडेतीन शहाण्यांतले सखारामबापू बोकील आठवा. ज्याच्या सल्ल्याने पेशवाई चालली त्या माणसाला नाना फडणवीसांनी १७७९ मध्ये धरलं. सिंहगड, प्रतापगड, मग रायगड, असे किल्ले फिरवले आणि १७८१ मध्ये रायगडावर कैदेतच ते गेले. पुढे नानांवर तीच वेळ आली. १७९७ च्या अखेरीस दौलतराव शिंद्यांनी त्यांना पकडून ठेवलं ते अहमदनगरच्या किल्ल्यात. जिथून बहादूर निजामशहाला नेलं त्याच किल्ल्यात! आणि १९४२ मध्ये इंग्रजांनी काँग्रेस कार्यकारिणी डांबली तीही तिथेच. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, सगळे.

गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला ग्वाल्हेरला नेलंच नाही. औरंगजेब दख्खनमध्ये मुक्काम ठोकून होता, त्यामुळे १६८७ मध्ये कैद झालेला तानाशाह दौलताबादच्या चिनी महालात ठेवला. बारा-तेरा वर्षं तिथे काढून तो तिथेच मेला, खुलताबादला पुरला. चिनी महालाच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशीचे तुकडे अजून दिसतात. शाळेच्या सहली समोरून जातात आणि मुलं मेंढा तोफेकडे धावतात.

---

दख्खनवाट

सह्यपठार, बरोबर आहे, आणि सखारामबापूंवर स्वतंत्र धागा काढा अशी विनंती. फरक मला इतकाच दिसतो की बापू आणि नाना राजकारणात उतरलेले लोक होते, डाव अंगावर उलटू शकतो हे जाणून उतरलेले. माझा जीव अडकतो तो त्या पोरांपाशी.

---

तापीकाठ

खानदेशातून एक भर घालतो. निजामशहांच्या जोडीला आमचाही एक सुलतान ग्वाल्हेरला गेला. बुऱ्हाणपूरचा बहादूर फारुकी. नावही तेच, बहादूर. जानेवारी १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला, म्हणजे अहमदनगर पडल्यावर पाचच महिन्यांनी, आणि खानदेशची सल्तनत बुडाली. बहादूर बोलणी करायला खाली उतरला होता, त्याला परत वर जाऊ दिलं नाही.

यातली गोम अशी की फारुक्यांमध्ये गादीवर बसलेल्या सुलतानाने घराण्यातल्या बाकी पुरुषांना असीरगडावर कोंडून ठेवायची रीत होती. हा बहादूरही तरुणपणाची कित्येक वर्षं असाच गडावर बंदिस्त होता. १५९७ मध्ये बाप राजा अली खान मोगलांच्या बाजूने लढताना पडला तेव्हा याला बाहेर काढून गादीवर बसवलं. राज्य केलं ते जेमतेम चार वर्षं, त्यातलंही बरंचसं त्याच असीरगडाच्या तटाआड. मग ग्वाल्हेर. तो १६२४ मध्ये आग्र्याला वारला.

असीरगड बुऱ्हाणपूरहून वीसेक किलोमीटरवर आहे, खंडव्याच्या रस्त्याला. भुसावळहून सकाळी निघालं तर दिवसात होतो. वर मशीद आणि महादेवाचं मंदिर दोन्ही बघता येतात. पाण्याची बाटली मात्र खालूनच घेऊन चढा.